राजीनाम्याआधीची दहा वर्षं

पत्र : ताई, मी मिरजेजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात फिजिशियन आहे. वय ३६. बायको शाळेत शिक्षिका, मुलगी चार वर्षांची, घराचे हप्ते चालू. गेल्या वर्षी आमच्या हौशी संस्थेनं माझं दोन अंकी नाटक राज्य नाट्य स्पर्धेत केलं आणि केंद्रावर लेखनाचं बक्षीस मिळालं. ते कळल्यावर मुंबईच्या एका निर्मात्यानं बोलावलं. वेब सिरीज आहे, विषय वैद्यकीय. सहा महिने अंधेरीत राहून लेखकांच्या टीमबरोबर बसायचं. एवढी रजा हॉस्पिटल देणार नाही, म्हणजे राजीनामाच. विषय काढल्यापासून आई माझ्याशी बोलत नाही. मध्यंतरी जेम्स ब्रायडीबद्दल वाचलं. ग्लासगोचा डॉक्टर, प्रॅक्टिस सोडून नाटककार झाला, हिचकॉकच्या सिनेमांसाठी लिहिलं. वाटलं, ही तर माझीच गोष्ट. सोडू का नोकरी? आणखी दोन शंका : परीक्षक म्हणाले शेवट कच्चा आहे, तो कसा सुधारू? आणि लिहिताना टोपणनाव घ्यावं का? संहिता सोबत पाठवतोय.
— एक डॉक्टर

डॉक्टर, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि संहिता एकदा. आधी ब्रायडीचं बोलू. तुम्ही त्याला साक्षीला उभं केलंय, पण साक्षीदार तुमच्या बाजूनं बोलेल असं मला वाटत नाही.

मुळात ब्रायडी हे त्याचं नावच नव्हे. तो ऑस्बर्न हेन्री मेवर, जन्म १८८८, ग्लासगो. वडील विजेच्या यंत्रांच्या धंद्यातले इंजिनिअर, म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी. डोक्यावर हप्ते नव्हते, हे तुम्ही आणि मी दोघांनीही लक्षात ठेवायचं. ग्लासगो विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेला आणि विद्यार्थ्यांचं मासिक, गाणी, युनियनमधली दंगामस्ती यांत असा रमला की पदवी हातात पडायला १९१३ उजाडलं. पुढच्या वर्षी महायुद्ध. लष्करी डॉक्टर म्हणून फ्रान्स, मग मेसोपोटेमिया, म्हणजे आजचा इराक. आपल्या मराठा पलटणींनी जिथे कुतच्या वेढ्यात उपासमार सोसली तोच मुलूख. परत आल्यावर ग्लासगोच्या लँगसाइड भागात दवाखाना, व्हिक्टोरिया इन्फर्मरी या हॉस्पिटलात सल्लागार डॉक्टरची जागा, अँडरसन कॉलेजात अध्यापन, १९२३ मध्ये लग्न. तुमच्या आईला आवडला असता अगदी.

आता तारखा बघा. रंगमंचावर त्याचं पहिलं नाटक आलं १९२८ मध्ये. स्कॉटिश नॅशनल प्लेअर्स नावाच्या मंडळीनं केलं, बसवलं टायरोन गथ्रीनं, जो पुढे जगभर गाजला. मेवर तेव्हा चाळिशीचा होता आणि दवाखाना चालू होता. १९३० मध्ये ‘द अ‍ॅनाटमिस्ट’ आलं. दवाखाना चालू. पुढच्या वर्षी लंडनचं वेस्टमिन्स्टर थिएटर उघडलं ते याच नाटकानं. तरीही चालू. १९३३ मध्ये डॉक्टरांच्या घराण्याच्या तीन पिढ्यांवरचं नाटक आलं, त्यात रॉबर्ट डोनाट होता, लंडनमध्ये नाव झालं. दवाखान्याची पाटी अजून भिंतीवरच. ती उतरली १९३८ मध्ये. वय ५०, आणि तोवर डझनाहून जास्त नाटकं रंगमंचावर येऊन गेलेली. गंमत म्हणजे दुसऱ्याच वर्षी परत युद्ध लागलं आणि हा गृहस्थ पुन्हा लष्करी डॉक्टरच्या गणवेशात!

तुम्ही १९३८ वाचलंत. मी तुम्हाला १९२८ ते १९३८ वाचायला सांगतेय.

आपल्याकडेही तेच आहे. डॉ. श्रीराम लागूंनी कान-नाक-घशाची शस्त्रक्रिया सोडून पूर्णवेळ नट व्हायचं ठरवलं ते १९६९ मध्ये, बेचाळिसाव्या वर्षी. हा किस्सा सगळ्यांना पाठ असतो. त्याआधी पुण्यात पीडीए आणि मुंबईत रंगायन या नाट्यसंस्थांत किती वर्षं घातली, ते कुणी सांगत नाही, कारण त्यात ‘एका रात्रीत सोडलं’ची मजा नाही. आणि डॉ. जब्बार पटेल तर दौंडला मुलांचा दवाखाना सांभाळून नाटकं बसवत होते. दौंड-पुणे पॅसेंजरनं किती तालमी वाचवल्या असतील!

माझंही सांगते. मी बँकेत कॅशियर होते. रात्री मालिकांचे संवाद लिहायचे. २००१ मध्ये बँकांत व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, लाट आली, तेव्हा एका वाहिनीची रोजची मालिका माझ्याकडे आली होती. वय अडतीस. सगळ्यांच्या नाकावर टिच्चून व्हीआरएस घेतली. मालिका चार महिन्यांत बंद पडली. शेवटच्या बावीस एपिसोडचे पैसे आजतागायत आलेले नाहीत, आणि आता येतील अशी आशाही मी ठेवलेली नाही. पण पैशांपेक्षा एक वेगळीच गोष्ट खुपली. बँकेत असताना स्लिपांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी माणसांची वाक्यं टिपून ठेवायची. एक म्हातारे गृहस्थ दर महिन्याला पेन्शन काढायला यायचे, नोटा तीनदा मोजायचे आणि म्हणायचे, ‘‘बरोबर आहेत हो, पण माझ्या नाहीत वाटत.’’ नोकरी सुटली आणि असं बोलणारं माणूस समोर येणंच थांबलं. अंधेरीत सगळे माझ्यासारखेच बोलत होते.

म्हणून विचारते, अंधेरीतल्या त्या खोलीत कोण असणार आहे? तुमच्यासारखे चार लेखक, एक क्रिएटिव्ह हेड आणि व्हाइटबोर्ड. तुम्हाला तिथे बोलावलंय ते तुम्ही डॉक्टर आहात म्हणून. तीन महिन्यांत तुमच्याकडचे किस्से काढून घेतील. मग तुमच्या हातात काय राहील?

आता हिचकॉक. तुमच्या पत्रातलं सगळ्यात चमकदार वाक्य तेच आहे. ब्रायडीनं हिचकॉकच्या तीन सिनेमांसाठी लिहिलं, हे खरं. पण श्रेयनामावली नीट वाचा. १९४७ चा ‘द पॅराडाइन केस’ : रूपांतर, तेही हिचकॉकची बायको अल्मा रेव्हिल हिच्याबरोबर, पटकथेवर नाव निर्माता डेव्हिड सेल्झनिकचं. १९४९ चा ‘अंडर कॅप्रिकॉर्न’ : पटकथा ब्रायडीची, ह्यूम क्रोनिननं केलेल्या रूपांतरावरून. सिनेमा आपटला. १९५० चा ‘स्टेज फ्राइट’ : जादा संवाद. एकच लेखक, एकच दिग्दर्शक, तीन सिनेमे आणि श्रेय तीन तऱ्हांचं. ‘जादा संवाद’ म्हणजे काय ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. इमारत दुसऱ्यानं बांधलेली असते, तुम्ही जाऊन खिडक्यांचे पडदे शिवायचे.

पहिल्या सिनेमाची एक गोष्ट हिचकॉकनंच पुढे मुलाखतीत सांगितली आहे. सेल्झनिकनं ब्रायडीला अमेरिकेला बोलावलं. विमान न्यूयॉर्कला उतरलं. साठीकडे झुकलेला, स्वतःच्या देशात मान असलेला नाटककार बॅग घेऊन उभा. न्यायला कुणीच आलेलं नाही. ब्रायडीनं काय केलं असेल? मिळेल त्या पहिल्या विमानानं परत लंडनला. लेखन इंग्लंडमध्येच बसून केलं आणि पाठवून दिलं. हिचकॉकच्या मते ती व्यवस्था फारशी जमली नाही. सेल्झनिकनं शूटिंग चालू असताना स्वतःच सीन लिहून सेटवर पाठवायचा सपाटा लावला होता.

ही गोष्ट मी नव्या लेखकांना सांगते तेव्हा ते हसतात आणि म्हणतात, काय ताठा! मला त्यात ताठा दिसत नाही. ज्याला परत जायला जागा असते त्यालाच पहिलं विमान पकडता येतं, आणि ब्रायडीची जागा होती ग्लासगो.

पत्रात तुम्ही ज्याचा उल्लेखही केला नाहीत ते त्याचं खरं काम इथे आहे. १९४३ मध्ये, ऐन युद्धात, रात्री शहरात ब्लॅकआउट असताना त्यानं सिटिझन्स थिएटर उभं केलं. बरोबर कोण होतं बघा : टॉम हनीमन, तोही वैद्यकी शिकलेला, पुढे शहराच्या कलादालनाचा संचालक झालेला, आणि जॉर्ज सिंगलटन, सिनेमागृहांचा मालक. एक लिहिणारा, एक शहरातली माणसं ओळखणारा, एक तिकीटबारी समजणारा. सुरुवात अथीनियम या नाट्यगृहात भाड्यानं, दोन वर्षांत गॉर्बल्सच्या जुन्या नाट्यगृहात. गॉर्बल्स म्हणजे दाटीवाटीची, गरीब कामगारवस्ती. लंडनहून नाटकं येण्याची वाट बघत बसणाऱ्या शहराला त्यानं स्वतःची मंडळी दिली. मग १९५० मध्ये ग्लासगोतच नाट्यशिक्षणाचं कॉलेज सुरू करण्यात पुढाकार. हिचकॉकचं काम याच वर्षांत, अधल्यामधल्या वेळात. १९५१ च्या जानेवारीत तो गेला, ६३ व्या वर्षी. ते थिएटर ग्लासगोत आजही आहे.

त्याला स्कॉटलंडमधल्या नव्या नाटकाचा पाया घालणारा म्हणतात ते या सगळ्यामुळे. सिनेमाचा वाटा त्यात अगदी थोडा. मला त्याची सगळी नाटकं आवडत नाहीत, काही नुसती गप्पिष्ट वाटतात. पण या माणसानं आपल्या गावाशी नातं कधी तोडलं नाही, याबद्दल मला त्याचा हेवा वाटतो.

तर नोकरी. माझं उत्तर : आत्ता सोडू नका. मुंबईला ‘नाही’ही म्हणू नका. निर्मात्याला लिहा की सहा महिने येणार नाही. महिन्यातून दोन शनिवार-रविवार येईन, बाकी व्हिडिओ कॉलवर बसेन आणि तीन एपिसोड घरून लिहून देईन. त्याला खरोखर तुमचं लेखन हवं असेल तर मान्य करेल. नुसती डॉक्टरकी हवी असेल तर कुरकुर करेल, आणि ते तुम्हाला आजच कळलेलं बरं. कामाचे पैसे टप्प्यांवर बांधून घ्या : वनलाइन, म्हणजे थोडक्यात गोष्ट, दिली की इतके, एपिसोडचा आराखडा दिला की इतके, पहिला मसुदा दिला की इतके. मालिका मध्येच थांबली तर झालेल्या कामाचं काय, हे आधी कागदावर. पडद्यावर नाव कुठे आणि कोणत्या शब्दांत येणार, ‘लेखक’ की ‘संशोधन सहाय्य’, तेही कागदावर. ब्रायडीचे तीन सिनेमे आठवा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सभासद व्हा, लिहिलेलं तिथे नोंदवा, मगच ईमेल करा. आणि करार आला की सही करायच्या आधी वकिलाला दाखवा. पेशंट गुगल बघून आला की तुम्ही चिडता ना, मग करार स्वतः वाचून ‘ठीक वाटतोय’ म्हणू नका.

तुमच्या संस्थेकडे मात्र जास्त लक्ष द्या. पत्रात तिचं नावसुद्धा नाही. ज्यांनी तुमचं नाटक उभं केलं, तालमीला शाळेचा हॉल मिळवला, नेपथ्याचे फ्लॅट टेम्पोत घालून नेले, ती माणसं ‘आमची हौशी संस्था’ एवढ्या दोन-तीन शब्दांत उरकलीत. यंदाच्या स्पर्धेला त्यांच्यासाठी नवीन नाटक लिहिणार आहात का? हॉस्पिटलला सहा महिन्यांच्या रजेऐवजी आठवड्याला दोन संध्याकाळची ओपीडी दुसऱ्याला देता येईल का, हे विचारून बघितलंत का? पगार थोडा कापला जाईल. बायकोशी बसून त्या आकड्याचं गणित मांडा. हप्ता किती, मुलीची शाळा किती, कितीपर्यंत झेपेल. तो आकडा मिळाला की तुम्हाला लिहायला आठवड्याला किती तास परवडतात तेही कळेल. चार-पाच वर्षांनी तुमच्याकडे पाच नाटकं असली आणि तेव्हाही दवाखाना आड येत असला, तर पुन्हा पत्र लिहा. तेव्हा कदाचित मी ‘सोडा’ म्हणेन.

आता शेवटाचं. ब्रायडीवरही आयुष्यभर हाच आरोप होता, आणि हिचकॉकचीही तीच तक्रार : पहिले अंक उत्तम, शेवट जमत नाही. ब्रायडीचं म्हणणं असं की शेवटचा अंक लिहिणं देवाचं काम, आणि देवही ते क्वचितच करतो. प्रेक्षकानं घरी जाताना पुढे काय झालं असेल याचे तर्क करत जावं, असं त्याला वाटे. ‘द अ‍ॅनाटमिस्ट’च घ्या. १८२८ च्या एडिनबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा खून केले आणि प्रेतं डॉ. रॉबर्ट नॉक्सला विच्छेदनासाठी विकली. बर्क फासावर गेला; नॉक्सवर खटलाच झाला नाही. त्याला किती माहीत होतं? दुसरा कुणी असता तर शेवटी नॉक्सला खलनायक करून मोकळा झाला असता. ब्रायडी स्वतः डॉक्टर, विच्छेदनाच्या टेबलाशी उभा राहिलेला. विद्येचा हट्ट माणसाला कुठे नेतो ते त्याला आतून माहीत होतं, म्हणून त्यानं निकाल दिला नाही.

तुमच्या नाटकात नातेवाइकांनी काचा फोडल्यावर ड्युटीवरचा डॉक्टर चादरींच्या खोलीत लपतो, आणि तिथे आधीच मेलेल्या पेशंटचा धाकटा भाऊ लपलेला असतो. काय जागा सापडलीय तुम्हाला! दोघंही त्याच जमावाला घाबरलेले. अंधारात तो मुलगा विचारतो, ‘‘दादाचा मोबाइल कुणाकडं हाय? त्याला चार्जिंग नव्हतं.’’ हे वाचताना मी चहाचा कप खाली ठेवला. आणि मग तुम्ही काय करता? डॉक्टरला बाहेर आणून प्रेक्षकांकडे तोंड करून पाच मिनिटं भाषण ठोकायला लावता. आरोग्यव्यवस्था, खाटा किती, डॉक्टर किती. ते आकडे वर्तमानपत्रात येतात हो. परीक्षक ‘शेवट कच्चा’ म्हणाले, म्हणून तुम्ही आणखी मजबूत शेवट शोधताय. माझं निदान उलट आहे. शेवट जास्त झालाय. भाषण पूर्ण काढा. मोबाइलच्या प्रश्नाला डॉक्टरनं उत्तर द्यायचं की नाही, एवढंच ठरवा. मी असते तर डॉक्टरच्याच अ‍ॅप्रनच्या खिशात तो मोबाइल वाजवला असता. पण नाटक तुमचं. दोन्ही तऱ्हांनी लिहून तालमीत नटांच्या तोंडून ऐका; वाचून कळणार नाही.

राहिलं टोपणनाव. ब्रायडीचं पहिलं नाटक मेरी हेंडरसन या नावानं आलं होतं. पुरुष डॉक्टर, बाईचं नाव! पेशंटांना कळू नये म्हणून असेल, किंवा नुसती थट्टा. पुढे त्यानं घराण्यातलीच नावं जोडून जेम्स ब्रायडी केलं आणि तेच टिकलं. मिरजेत तुमचं गुपित दोन दिवसही राहणार नाही, केमिस्टपासून सगळ्यांना कळेल. तरी घ्यायचं तर घ्या. हॉस्पिटलच्या नियुक्तिपत्रात बाहेरच्या कामाबद्दल काय अट आहे ती मात्र आधी वाचा. नाव शोधायला लांब जाऊ नका. आईचं माहेरचं आडनाव काय? तुम्हाला ठाऊक असलं तरी तिलाच जाऊन विचारा, आणि कशासाठी हवंय तेही सांगा. ती काय म्हणाली ते मला कळवा.